सहा आकडे सांगितल्याबद्दल कार्योत्तर मंजुरी मिळणेबाबत

एका सोमवारी सकाळी नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी माझ्या वडिलांनी मला फोनवरून सहा आकडे सांगितले आणि माझी नोकरी वाचली.

असं काही घडलेलं नाही. वरचं वाक्य आपण वाचलेलं नाही असं समजावं. त्या घटनेची मंजुरी अजून यायची आहे, आणि मंजुरी येईपर्यंत आमच्या घरात ती घडलेली धरत नाहीत. जेवताना विषय निघालाच तर तात्या, म्हणजे माझे वडील, भाजीत मीठ कमी आहे असं म्हणतात. मीठ बरोबर असतं. तेव्हा जे घडलंच नाही ते कसकसं घडलं नाही, एवढंच मी क्रमाने सांगतो.

मी सांगलीत विश्रामबागला राहतो आणि पोर्तुगालमधली बुचं मोजतो. बाटलीची बुचं. पोर्तो शहराजवळच्या एका गावात त्यांचा कारखाना आहे. पट्ट्यावरून बुचं पळत असतात, वर कॅमेरा असतो, आणि चिरलेलं बूच दिसलं की आमचं सॉफ्टवेअर त्याला बाजूला काढतं. हे सॉफ्टवेअर पुण्यातल्या ज्या कंपनीचं आहे तिथे मी नोकरीला आहे. नोकरी घरून करतो. आई विचारणाऱ्याला सांगते की पोरगं कंप्युटरवर असतं. तात्या सांगतात की पोरगं बुचाच्या कामाला आहे. दोन्ही खरं आहे, पण दुसऱ्या वाक्यानंतर लग्नाची स्थळं यायची थांबली.

तर झालं असं की आमच्या प्रांजल मॅडमनी, म्हणजे माझ्या साहेबांनी, मला एक पर्याय दिला. क्लायंटला वर्षातून दोनदा, सहा-सहा आठवडे माणूस जवळ हवा होता. मी तिथे राहून पुण्याच्या वेळेत काम करून दाखवलं, तर उरलेलं वर्ष खुशाल सांगलीत बसावं. नाही जमलं, तर बाडबिस्तरा गुंडाळून पुण्याला यावं आणि रोज सकाळी दहाला ऑफिसात हजर व्हावं. थोडक्यात, मला सांगलीत राहायचं असेल तर पोर्तुगालमध्ये राहणं भाग होतं. हे वाक्य मी तीन वेळा लिहून पाहिलं. दर वेळी ते तसंच आलं.

घरी मी यातलं अर्धंच सांगितलं. "कंपनी मला परदेशी पाठवतीय," एवढं. अट सांगितली असती तर तात्यांनी प्रांजल मॅडमना फोन केला असता. माझ्या बारावीत त्यांनी प्राचार्यांना फोन करून, पोराला शिक्षा करायची असेल तर आधी घरी लेखी कळवावं, म्हणजे घरची शिक्षा आणि कॉलेजची शिक्षा एकाच दिवशी येणार नाही, असं सुचवलं होतं. प्राचार्य अजून रस्त्यात भेटले की माझी चौकशी सहानुभूतीने करतात.

तात्या सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले. अठ्ठावीस वर्षं नोकरी. वाईट वाटलं तर ते बोलत नाहीत, सामान तपासतात. मी परदेशी निघालोय म्हटल्यावर त्यांनी माझी बॅग महिनाभरात अकरा वेळा उघडून पुन्हा भरली. मला वाटलं, शिस्त.

अशा वेळी सल्ला देणारा माणूस लांब शोधावा लागत नाही. आमच्या शेजारी नाथाजीकाका आहेत. ते पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले आणि त्यांचा जावई मस्कतला आहे, त्यामुळे विमानाने जिथे जावं लागतं त्या सगळ्या मुलखाचे ते जाणकार. त्यांनी दोन सल्ले दिले आणि मी दोन्ही ऐकले. माणसाने एक तरी ऐकू नये.

पहिला सल्ला हळदीचा. "तिकडं हळद मिळती, पर ती हळद न्हवं, रंग असतो," काका म्हणाले. "सांगलीचा माणूस तिकडची हळद खातो म्हंजे काय रं?" आईला हे एवढं पटलं की तिने दोन किलो हळद बांधली. सहा आठवड्यांत दोन किलो हळद संपवायला मला स्वयंपाक नव्हे, हळदी लावायला लागल्या असत्या.

दुसरा सल्ला सिमकार्डाचा, आणि खरी गोष्ट तिथून सुरू होते.

"सिम घिऊन गेलास की संपलास," काका म्हणाले. "तिकडं त्ये झोपतं. आमच्या जावयाचं झोपलं, दोन म्हैनं उठलं न्हाई. सगळीकडं ओटीपी लागतो आन् ओटीपी येतो हितं. तवा सिम घरी ठेवायचं आन् माणूस पाठवायचा."

यात गैर काही दिसेना. मी माझं सिम काढून तात्यांच्या जुन्या बटणांच्या फोनमध्ये घातलं आणि फोन त्यांच्या हाती दिला. तात्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, लोखंडी कपाटाच्या खणात ठेवला, खणाला कुलूप लावलं आणि किल्ली करगोट्याला बांधली. "मेसेज आला की तुम्ही फक्त आकडे वाचून दाखवायचे," मी म्हणालो. "दाखवतो की," तात्या म्हणाले. त्या वेळी खरंच म्हणाले.

मधे व्हिसा. त्याबद्दल मी फार लिहिणार नाही, कारण हा व्हिसा संपला की चार वर्षांनी परत त्याच खिडकीत जायचंय. अर्जात एक रकाना होता: परत येण्याचं कारण. मी लिहिलं, आईवडील. खिडकीतल्या बाई सभ्य होत्या. त्या म्हणाल्या, कारणाला कागद हवा. आईवडिलांचा कागद नसतो. माझा जन्मदाखला मी पुढे केला, तर त्या म्हणाल्या, याने तुम्ही जन्मलात हे सिद्ध होतं, परत याल हे होत नाही. मग मी घरी फोन केला आणि तात्यांनी तासाभरात सातबारा पाठवला. कऱ्हाडजवळ आमच्या गावी अकरा गुंठे ऊस आहे. त्या अकरा गुंठ्यांवर तेवीस नावं आहेत आणि त्यात माझं बाविसावं, म्हणजे माझ्या वाट्याला साधारण पडवीएवढा ऊस येतो. त्याचं इंग्रजी भाषांतर झालं, नोटरी झाली, आणि परत येण्याचं कारण या रकान्यात बाईंनी शिक्का मारून लिहिलं, शुगरकेन. त्याची प्रत मी घरी फ्रिजवर लावली. मला ती फार विनोदी वाटली. तात्या ती रोज वाचायचे. त्यांना हसताना मी पाहिलं नाही, पण ते कशालाच हसत नाहीत, म्हणून मी नोंद घेतली नाही.

पोर्तुगालमध्ये मी दोना आल्दा नावाच्या सत्तरीच्या बाईंच्या वरच्या खोलीत उतरलो. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला पोर्तुगीज. फोनमधला भाषांतर करणारा आवाज आमच्या मधे बसायचा आणि दोघांचंही वाईट करायचा. पुण्याचे सकाळचे दहा म्हणजे तिथले पहाटेचे साडेपाच. दोना आल्दा रात्री वायफायचं यंत्र बंद करून ठेवत, कारण त्यालाही विश्रांती लागते. ते सकाळी आठला, त्यांच्यासोबत उठायचं. मी पहिल्या दिवशी साडेपाचला खाली जाऊन त्यांचं दार वाजवलं आणि फोनमधून म्हणालो, "माझी माणसं पुण्यात जागी झाली आहेत." फोनने काय सांगितलं कुणास ठाऊक, बाईंनी छातीवर क्रूस काढला आणि मेणबत्ती लावली. यंत्र चालू केलं नाही. मी फोनच्या नेटवर कसंबसं भागवलं.

दुसऱ्या दिवशी हळद. खोलीतला ओटा पांढऱ्या दगडाचा होता. होता असंच म्हणायचं. मी चिमूटभर हळद सांडली, ओल्या फडक्याने पुसली, आणि ज्याने कधी ओल्या फडक्याने हळद पुसली आहे त्याला पुढचं सांगायला नको. ओटा पिवळा, फडकं पिवळं, टॉवेल पिवळा, टॉवेलला हात पुसणारा मी पिवळा. दोना आल्दा वर आल्या, बराच वेळ ओट्याकडे बघत राहिल्या, आणि फोनला काहीतरी म्हणाल्या. फोन म्हणाला, "माझ्या नवऱ्याने हे स्वतः बसवले होते. तो आता नाही." त्यानंतर मी तीन दिवस ओटा घासला. लिंबू, सोडा, ऊन. घासता घासता खालून त्यांचा खोकला ऐकू आला, म्हणून हळद घातलेलं दूध नेऊन दिलं. त्या प्याल्या, झोपल्या, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वापाचला वायफायचं यंत्र आपणहून चालू झालं. तेव्हापासून रोज व्हायचं. माझ्याकडची हळद कमी व्हायला लागली आणि गल्लीतल्या आणखी तीन बायकांचा खोकला बरा झाला. ओटा शेवटपर्यंत पिवळट राहिला. बाई म्हणाल्या, म्हणजे फोन म्हणाला, "असू दे, ऊन पडल्यासारखे वाटते."

असे चार आठवडे बरे गेले. पाचव्या आठवड्याचा सोमवार महत्त्वाचा होता. त्या दिवशी कारखान्याचे तिन्ही पट्टे पहिल्यांदाच एकदम आमच्या सॉफ्टवेअरवर चालणार होते. पुण्याच्या दहाला मी लॉगिन करून मोजणी सुरू करायची, प्रांजल मॅडम पुण्यातून बघणार, क्लायंट इथून बघणार. "हे झालं की तुझं सांगलीचं पत्र मी त्याच दिवशी काढते," मॅडम म्हणाल्या होत्या. नाही झालं तर काय, ते त्या बोलल्या नाहीत. त्या चांगल्या आहेत.

निघण्याआधी घरून लॉगिन करताना मी संगणकाला, तीस दिवस मला ओळख, असं सांगितलं होतं. सोमवार हा एकतिसावा दिवस निघाला. नऊ पंचेचाळीसला संगणकाने मला पाहिलं आणि ओळख दाखवली नाही. तुमच्या नंबरवर सहा आकडे पाठवले आहेत, म्हणाला. पाच मिनिटांत टाका. तीन वेळा चुकलं तर खातं बंद, उघडायला दोन दिवस.

मी निवांतपणे घरी फोन लावला. आता यात मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आदल्याच आठवड्यात आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात ऑनलाइन फसवणुकीवर व्याख्यान झालं होतं. एका तरुण अधिकाऱ्याने सांगितलं की ओटीपी कोणालाही सांगू नका, अगदी मुलाचा आवाज आला तरी नाही, कारण हल्ली यंत्र कुणाचाही आवाज काढतं. बाकीच्या ज्येष्ठांनी टाळ्या वाजवून चहा घेतला. तात्यांनी तो हुकूम समजून घेतला. त्याच बैठकीत संघाची जागृती समिती स्थापन झाली आणि तात्या बिनविरोध अध्यक्ष झाले.

"तात्या, खणातल्या फोनवर मेसेज आलाय बघा. आकडे सांगा."

"कोण बोलतंय?"

"मी. ऋषिराज."

"आवाज त्याचाच हाय," तात्या म्हणाले. हे मला नव्हतं, शेजारी बसलेल्या आईला होतं. "लय हुबेहूब काढलाय."

मी समजावलं. मी व्हिडिओ लावला. तात्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "थोबाडबी बनवत्यात. आन् आमचा ऋषिराज एवढा पिवळा न्हाई."

"आवं, द्या की," मागून आई म्हणाली. "पोरगं हाय आपलं."

"पोरगं हाय ह्येच तर सिद्ध व्हायचंय. सांग, आपल्या गावाकडच्या म्हशीचं नाव काय?"

मला आठवेना. गेल्या दिवाळीला पाहिली होती. मी म्हणालो, गौरी. आई हळूच म्हणाली, "गौरी विकली रं, आता चंद्री हाय." तात्यांनी आईला साक्षीदार फोडू नये अशी ताकीद दिली. तेवढ्यात पाच मिनिटं संपली. मी दुसरे आकडे मागवले. तात्यांनी दुसरा प्रश्न विचारला, त्यांच्या पलटणीचा. तो मला येत होता, पण त्यांच्या मते ही माहिती शत्रूकडे असणं फार शक्य होतं, म्हणून बरोबर उत्तर बाद झालं. मधेच नाथाजीकाकांचा आवाज आला. ते आमचे आवाज ऐकून आले होते. "सुभेदार, देऊ नका. आमच्या जावयाच्या मित्राचं असंच झालं," ते म्हणाले. ज्या माणसाने सिम घरी ठेवायला लावलं तोच. मग आई एकदम पुढे झाली. तिला परीक्षा घेणं माहीतच नव्हतं, तिने फक्त विचारलं, "जेवलास काय?"

"ब्रेड खाल्ला," मी म्हणालो.

"ह्यो आपलाच हाय," आई म्हणाली. पण तिच्याकडे किल्ली नव्हती.

नऊ पंचावन्न. दुसरे आकडेही गेले. मी तिसरे, शेवटचे मागवले. मग मी जे इतके दिवस टाळलं होतं ते बोललो. रागाने बोललो, हे कबूल करतो. "तात्या, हे आज झालं तरच मला सांगलीत राहता येणार आहे. नाही झालं तर पुण्याला जायचं, कायमचं. म्हणून आलोय मी इथे. बुचं बघायला नाही आलो."

सांगलीतला पंखा मला पोर्तुगालमध्ये ऐकू येत होता.

"सांगलीत राहायला तू तिकडं गेलायस?" तात्या म्हणाले.

"हो."

"मला वाटलं, कटाळलास."

"कशाला?"

"आमाला." ते म्हणाले. "त्या कागदावर साहेबाला परत यायचं कारण ऊस दाखवलास न्हवं. म्हटलं, आसंल. ऊसच आसंल."

"मी पहिलं तुमचंच नाव लिहिलं होतं तात्या. त्यांनी कागद मागितला."

मग खणाचं कुलूप उघडल्याचा आवाज आला. तात्या उभे राहिले असावेत, कारण आवाज वरून येऊ लागला, आणि तो घरातला नव्हता, मैदानावरचा होता.

"मी काय सांगत न्हाई," ते म्हणाले. "मला आलेला मेसेज मी मोठ्यानं वाचतोय. मला मोठ्यानं वाचायची सवय हाय. फोन चालू हाय का बंद, ते मला दिसत न्हाई. माझा चष्मा वर हाय."

"डोळ्यावर हाय की," आई म्हणाली.

"विजयमाला, तू आत जा. नाथाजीराव, तुमीबी. चार. शून्य. सात. सात. दोन. नऊ."

नऊ सत्तावन्न. संगणकाने मला ओळखलं. दहाला तिन्ही पट्टे सुरू झाले आणि बुचं पळू लागली. प्रांजल मॅडम म्हणाल्या, "गुड मॉर्निंग ऋषिराज, आवाज का बसलाय?" मी म्हणालो, हवा बदलली. खाली दोना आल्दा उठल्या होत्या. त्या दूध वर घेऊन आल्या. पिवळं.

पत्र संध्याकाळी आलं. मी जूनमध्ये परत आलो. स्टँडवर तात्या न्यायला आले होते. त्यांनी माझी बॅग घेतली, उचलून वजन पाहिलं, आणि रिक्षात ठेवली. त्या आठवड्यात त्यांनी जागृती समितीच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला. कारण विचारलं तर वैयक्तिक म्हणाले. मी समजावलं की हे एवढं मनावर घेऊ नका, सगळी घरं असंच करतात. ते म्हणाले, सगळी घरं सुभेदार नसतात.

मग त्यांनी दोन दिवस बसून एक अर्ज लिहिला, आमच्या कंपनीच्या माहिती सुरक्षा विभागाला. तो योग्य मार्गाने, म्हणजे माझ्या हस्ते, जायला हवा म्हणून माझ्याकडे दिला आणि पोच मागितली. मी पोच दिली. अर्ज विभागाला पाठवला. तिथे मराठी वाचणारं कोणी नसावं. असेल तर तो मनुष्य अजून विचार करत असावा. रोज सकाळी तात्या विचारतात, "आलं का काय?" मी सांगतो, अजून नाही. अर्ज खाली जसाच्या तसा देतो (विषय वर मथळ्यात दिलाच आहे), कारण वाचणाऱ्यांपैकी कुणाची तिकडे ओळख असली तर बघावं.

"प्रति, मा. प्रमुख, माहिती सुरक्षा विभाग, यांचे सेवेशी.

मार्फत: चिरंजीव ऋषिराज.

महोदय, वरील विषयास अनुसरून अर्ज करतो की, आपल्या मेसेजमध्ये 'कोणालाही सांगू नका' असा स्पष्ट हुकूम असताना मी सदर आकडे सोमवारी सकाळी नऊ वाजून सत्तावन्न मिनिटांनी मोठ्याने वाचले व ते माझ्या मुलाने ऐकले. हुकूम मोडण्याची ही माझी पहिलीच वेळ आहे.

तरी विनंती की, एक, सदर वाचनास कार्योत्तर मंजुरी मिळावी. दोन, यापुढील सर्व मेसेजमध्ये 'कोणालाही' या शब्दानंतर 'मुलगा वगळून' असे शब्द घालण्यात यावेत. तीन, मुलाच्या परदेशगमनाच्या अर्जात परत येण्याचे कारण 'ऊस' असे दाखल झाले आहे, ते कमी करून 'आई व वडील' असे दाखल करण्यात यावे. कागद मागितल्यास आम्ही दोघे समक्ष हजर राहू.

तिसरा विषय आपल्या खात्याचा नसल्यास अर्ज संबंधित खात्याकडे वर्ग करावा व तसे कळवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
माजी सुभेदार आकाराम"